पटावर अकरा मुले: एका वाडीवरील शाळेच्या समायोजनाचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण सह्याद्रीच्या पूर्व उतारावरील एका वाडीतील जिल्हा परिषदेच्या शाळेचे आहे. तालुका, गाव आणि माणसे ओळखू येतील असे तपशील वगळले आहेत. वाडी एक्केचाळीस उंबऱ्यांची आणि शाळा पहिली ते चौथीची. दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी आणि मान्यतेनुसार दोन शिक्षक अशी तिची रचना होती. एकतीस वर्षे प्राथमिक शिक्षक म्हणून काम करून निवृत्त झाल्यावर मी या शाळेच्या व्यवस्थापन समितीवर शिक्षणतज्ज्ञ सदस्य म्हणून गेलो, त्यामुळे पुढे जे लिहिले आहे ते मी आतून पाहिलेले आहे. त्यातील काही चुकांचा वाटाही माझाच आहे.

वाडीतील वयस्कर माणसे या शाळेला अजूनही 'बोर्डाची शाळा' म्हणतात. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात येण्यापूर्वी प्राथमिक शाळा स्कूल बोर्डाच्या ताब्यात असत, त्या काळातले हे नाव टिकून राहिले आहे. आजची व्यवस्था वेगळी आहे. शाळा जिल्हा परिषदेची असते आणि तिच्या कारभारासाठी परिषदेची शिक्षण समिती असते. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्यानुसार प्रत्येक शाळेला स्वतःची व्यवस्थापन समितीही असावी लागते. या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य महिला असणे बंधनकारक आहे. शाळेच्या कामकाजावर देखरेख करणे, विकास आराखडा तयार करणे आणि अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवणे ही तिची कामे आहेत. शाळा सुरू ठेवायची की बंद करायची, हे ठरवण्याचा अधिकार या यादीत नाही. वाडीतील बहुतेक पालकांना मात्र 'समितीने नाही म्हटले की शाळा हलत नाही' असे वाटत होते, आणि तो गैरसमज आम्ही वेळेवर दूर केला नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये राज्याच्या शिक्षण आयुक्तालयाने वीस किंवा त्याहून कमी पट असलेल्या शाळांसाठी समूह शाळांचे, म्हणजे आसपासच्या लहान शाळांतील मुलांना एका मोठ्या शाळेत एकत्र आणण्याचे, प्रस्ताव मागवले. अशा शाळांची संख्या त्या वेळी चौदा हजारांहून अधिक आणि त्यांतील विद्यार्थ्यांची संख्या सुमारे एक लाख पंच्याऐंशी हजार असल्याचे सांगितले गेले होते. पुणे जिल्ह्यातील पानशेत आणि नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळ येथील प्रयोगांचा दाखला दिला गेला. प्रस्ताव पाठवायला जेमतेम तीन-चार आठवडे होते. तालुक्यांतून केंद्रांकडे (जवळपासच्या शाळांच्या गटांकडे) आणि केंद्रांतून शाळांकडे तक्ते फिरू लागले, आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात केंद्रप्रमुख असा एक तक्ता घेऊन आमच्या शाळेत आले.

आणखी एक गोष्ट इथेच नोंदवतो, कारण तिच्यावाचून पुढचा प्रवास कळणार नाही. मार्च २०२२ पासून राज्यातील बहुतेक जिल्हा परिषदांप्रमाणे आमच्या जिल्हा परिषदेवरही प्रशासक होते. निवडून आलेली शिक्षण समिती नव्हती, सभापती नव्हते आणि गटाचा सदस्यही नव्हता. एरवी पालक ज्याच्या दारात जाऊन बसले असते, तो माणूसच उरला नव्हता.

प्रश्न काय होता

तक्त्यात आमच्या शाळेसमोर तीन गोष्टी लिहिलेल्या होत्या: पट ११, समायोजनासाठी (म्हणजे आमची शाळा जिच्यात सामावून घ्यायची ती) प्रस्तावित शाळा ओढ्यापलीकडील मूळ गावची, आणि अंतर ०.९ किलोमीटर. शेवटचा रकाना 'समितीचे मत' असा होता आणि तो आठ दिवसांत भरून द्यायचा होता.

पलीकडील शाळा सातवीपर्यंतची, अठ्ठावन्न मुलांची आणि चार शिक्षकांची होती. तिथे मैदान, वाचनाची खोली आणि चालू स्थितीतील संगणक होते. कागदावर पाहिले तर अकरा मुलांना एक किलोमीटरच्या आत अधिक चांगली शाळा मिळत होती, आणि असा प्रस्ताव कोणी नाकारावा तरी का, असे तालुक्यातील अधिकाऱ्यांना मनापासून वाटत होते. त्यांच्या हेतूबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती.

सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्याखालील महाराष्ट्राच्या २०११ च्या नियमांनुसार पहिली ते पाचवीसाठी शाळा शक्यतो एक किलोमीटरच्या परिसरात असावी आणि त्या परिसरात प्रवेशयोग्य अशी किमान वीस मुले असावीत. ही वीसची अट नवी शाळा स्थापन करण्यासाठीची आहे. सुरू असलेली शाळा वीसच्या खाली गेली की बंद करावी, असे तो नियम म्हणत नाही. कार्यालयीन बोलण्यात मात्र हे दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळून गेले होते. 'वीसच्या आत आहात, मग राहाल कसे?' हे वाक्य मी त्या महिन्यात चार वेगवेगळ्या माणसांकडून ऐकले.

पहिला निर्णय आणि त्यातील चूक

समितीची तातडीची बैठक सकाळी अकरा वाजता शाळेत झाली. पालक सदस्यांपैकी पाच जण हजर होते, त्यांतील एकच महिला होती. बाकीच्या भातकापणीला गेल्या होत्या. चर्चा वीस मिनिटे चालली. शाळा गेली तर वाडी ओस पडेल, शाळेची जागा आमच्या वाडवडिलांनी दिली आहे, हा अन्याय आहे, अशी बोलणी झाली. समायोजनास तीव्र विरोध असल्याचा चार ओळींचा ठराव एकमताने मंजूर झाला. त्याचा मसुदा मी लिहिला.

दहा दिवसांनी उत्तर आले: 'ठरावाची नोंद घेण्यात आली आहे.' त्यात रागावण्यासारखे काही नव्हते, कारण आमच्या ठरावात नोंद घेण्यापलीकडे कोणी काही करू शकेल असे काहीच आम्ही लिहिले नव्हते. विरोध का, कोणत्या मुलाला काय अडचण, प्रस्तावातील कोणता आकडा चुकीचा, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्यात नव्हते. तक्त्यातील ०.९ किलोमीटर हा आकडा आम्ही वाचला होता, तो खोटा आहे हे प्रत्येकाला माहीत होते, आणि तरी ते लिहून द्यावे हे कोणालाच सुचले नाही.

दुसरी चूक अधिक खोल होती. 'एकमताने' हा शब्द खरा नव्हता. तो हजर असलेल्या पाच जणांपुरता खरा होता.

रस्त्यावर उतरायचे की रस्ता मोजायचा

उत्तर आल्यावर वाडीतील तरुण पालक संतापले. शाळेला टाळे ठोकावे आणि मुलांना घेऊन पंचायत समितीच्या आवारात बसावे, अशी सूचना आली. तिला बराच पाठिंबा होता, कारण शेजारच्या तालुक्यात अशा आंदोलनाची बातमी छापून आली होती. मुख्याध्यापिका बाई बैठकीत फारशा बोलत नसत. त्या दिवशी त्यांनी एवढेच विचारले, "पोरांना तिथे किती दिवस बसवणार आहात? आणि त्या दिवसांची हजेरी मी कशी लावू?" या प्रश्नाने सूर बदलला. मुलांना आंदोलनात न्यायचे नाही, हा निर्णय त्या दिवशी झाला. तो मला आजही योग्य वाटतो, जरी त्यामुळे आमचा विषय वर्तमानपत्रात आला नाही आणि वरच्या कार्यालयापर्यंत पोहोचायला उशीर लागला.

त्याऐवजी आम्ही रस्ता मोजायला निघालो. वाडी आणि मूळ गाव ओढ्याच्या दोन काठांवर समोरासमोर आहेत. एका काठावरून हाक मारली तर दुसऱ्या काठावर ऐकू जाते. ०.९ किलोमीटर हे नकाशावर रेघ ओढून काढलेले अंतर होते. प्रत्यक्षात ओढ्यात उतरून पलीकडे चढणारी पायवाट १.६ किलोमीटर भरली. या वाटेवर पूर्वी साकव होता. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत तो वाहून गेला आणि आता पाण्यात दगड टाकलेले आहेत. जून ते ऑक्टोबर या काळात ती वाट बंदच असते. तेव्हा उरतो तो वळसा घालून जाणारा डांबरी रस्ता, आणि तो ३.४ किलोमीटर आहे.

हे अंतर आम्ही एका शनिवारी मुलांसह चालून पाहिले. बरोबर पहिलीतली तीन मुले, त्यांच्या आया, बाई आणि मी होतो. मोठ्या माणसाला चाळीस मिनिटे लागतात तिथे त्या मुलांना एक तास बारा मिनिटे लागली. पहिला किलोमीटर त्यांनी हसतखेळत पळत काढला. वळणावरच्या चढाला एका मुलीने दप्तर डोक्यावर घेतले, थोड्या वेळाने ते आईकडे दिले, आणि पलीकडच्या शाळेच्या फाटकाशी पोहोचल्यावर ती तिथल्या पायरीवर बसली ती उठेना. घड्याळात अकरा वाजून वीस मिनिटे झाली होती. बाईंनी वेळ, वाटेत भेटलेली वाहने आणि थांबे वहीत टिपून घेतले. पुढे सगळ्यांत जास्त उपयोगी पडला तो याच वहीचा कागद.

घरोघरी काय कळले

त्यानंतरच्या दोन संध्याकाळी समितीतील एक महिला सदस्य आणि मी प्रत्येक घरी गेलो. संध्याकाळ मुद्दाम निवडली, कारण सकाळच्या बैठकीला ज्या येऊ शकत नव्हत्या त्या बायका तेव्हा घरी असत. पहिल्याच घरी चौथीतल्या मुलीची आई म्हणाली, "गुरुजी, तुम्ही सगळे नको म्हणताय, पण माझ्या लेकीला बरोबरीची एक तरी पोरगी हवी की नको?" चौथीत दोनच मुले होती, एक मुलगा आणि एक मुलगी. ती मुलगी मधल्या सुटीत तिसरीतल्यांना खेळवत बसायची. तिच्या आईने ठराव वाचलाच नव्हता.

या वाक्याने माझी समजूत पार हलवली. अकरा मुलांच्या सात घरांपैकी तीन घरांना मोठी शाळा हवी होती. त्यांची मुले तिसरी-चौथीतली होती आणि त्यांची एकच अट होती: पोर सुखरूप जावे-यावे. उरलेल्या चार घरांचा विरोध पक्का होता, पण प्रत्येकाचे कारण वेगळे होते. मेंढरे-शेरडे पाळणाऱ्या एका कुटुंबातील आई-वडील सकाळी आठला रानात जात. त्यांची तिसरीतली मुलगी पहिलीतल्या भावाचे आवरून त्याला शाळेत आणत असे. शाळा लांब गेली तर दोघेही घरी बसणार हे त्या घरात कोणी लपवले नाही. दुसऱ्या एका घरातील मुलाच्या पायात जन्मतः दोष होता. तो वाडीतली शाळा कसाबसा गाठत असे.

याच फेरीत पट का घसरला हेही कळले. वाडीतली नऊ मुले रोज सकाळी साडेसहाला व्हॅनने तालुक्याच्या गावी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जात होती. त्यांच्या पालकांनी दिलेले कारण माध्यमाचे कमी आणि शिक्षकांचे जास्त होते. आमच्या शाळेतील दुसऱ्या शिक्षकांना आठवड्यातील तीन दिवस दुसऱ्या एका शून्यशिक्षकी शाळेवर कामगिरीसाठी पाठवले जात असे. त्या तीन दिवसांत बाई एकट्या चार वर्ग सांभाळत, ऑनलाइन माहिती भरत, पोषण आहाराची नोंद ठेवत आणि केंद्रावरच्या बैठकीला बोलावणे आले तर शाळा स्वयंपाकीण ताईंच्या भरवशावर सोडून जात. दोन शिक्षकांची शाळा प्रत्यक्षात दीड शिक्षकांचीही नव्हती. समायोजनाच्या बाजूने बोलणाऱ्यांचा हा मुद्दा खरा होता. तो मान्य न करता केवळ अस्मितेवर बोलत राहिलो असतो तर आम्ही मुलांच्या बाजूचे राहिलो नसतो, असे मला वाटते.

समोरचे पर्याय

डिसेंबरच्या बैठकीत पर्याय एकेक करून मांडले गेले. ही बैठक रात्री आठला देवळाच्या सभामंडपात घेतली आणि तिला सात महिला आल्या.

विरोध तसाच चालू ठेवून गरज पडल्यास न्यायालयात जायचे, हा एक मार्ग होता. कायद्याची बाजू कमजोर नव्हती. सातारा जिल्ह्यातील खिरखंडी येथील मुली स्वतः नाव वल्हवत शाळेला जातात, या बातमीची मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये स्वतःहून दखल घेतली होती, आणि त्याचा उल्लेख बैठकीत झाला. पण आमच्या हातात अजून बंदीचा लेखी आदेशच नव्हता, वकिलाचा खर्च पेलणारे कोणी नव्हते, आणि तीन घरांची मागणी त्या मार्गाने सुटत नव्हती.

वाहनाची सोय करून पूर्ण समायोजन स्वीकारायचे, या पर्यायाचा हिशेब बाईंनी फळ्यावर मांडला. समग्र शिक्षा योजनेत आठवीपर्यंतच्या पात्र विद्यार्थ्यासाठी वाहतूक भत्त्याची मर्यादा तेव्हा वर्षाला ६,००० रुपये होती. अकरा मुलांचे ६६,००० रुपये झाले. जीपवाल्याने महिन्याला ९,००० रुपये सांगितले होते, म्हणजे दहा महिन्यांचे ९०,०००. चोवीस हजारांची तूट कोण भरणार, हा प्रश्न होता. त्याहून अवघड प्रश्न असा की भत्ता मागाहून जमा होतो आणि जीपवाल्याला पैसे दर महिन्याला लागतात. एखाद्या महिन्यात जीप आली नाही तर त्या महिन्यात मुले घरी राहणार, हे सगळ्यांना दिसत होते.

पहिली-दुसरी वाडीत आणि तिसरी-चौथी पलीकडे, अशी वाटणी काहींना पटत होती. पण त्या वाटणीत वाडीवर पाचच मुले उरत होती, आणि पुढच्या वर्षी त्यावरून पुन्हा तक्ता येणार हे उघड होते. शिवाय बहिणीने भावाला शाळेत आणायचे, ते त्या कुटुंबाचे जुळलेले गणितही मोडत होते.

चौथा पर्याय धोरणाच्या कागदातूनच निघाला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये लहान शाळांच्या प्रश्नावर स्वतंत्र प्रकरण आहे. देशातील सुमारे २८ टक्के सरकारी प्राथमिक शाळांत तीसपेक्षा कमी मुले असल्याचे त्यात म्हटले आहे, आणि उपाय म्हणून शाळा संकुलाची कल्पना मांडली आहे: शाळा आपापल्या जागी राहतील, पण शिक्षक, साहित्य आणि उपक्रम त्या वाटून घेतील. ही कल्पना मुळात १९६४-६६ च्या कोठारी आयोगाची. आमच्यापर्यंत आलेल्या तक्त्यात समायोजनाचा रकाना होता, संकुलाचा नव्हता. माझ्या मते या संपूर्ण प्रकरणातील सर्वांत महत्त्वाची फट इथेच आहे. धोरणात मांडलेली शक्यता तक्ता तयार होताना गळून गेली, आणि शाळेपर्यंत 'हो' किंवा 'नाही' एवढेच पोहोचले.

काय केले

समितीने पहिला ठराव मागे न घेता त्याला पुरवणी ठराव जोडला. सोबत चार पानांचे निवेदन होते. पहिल्या पानावर तिन्ही अंतरे, कोणती वाट कोणत्या महिन्यांत चालू असते ते, आणि मुलांसह चालण्यास लागलेला वेळ. दुसऱ्यावर मुलागणिक तक्ता, नावांऐवजी क्रमांक घातलेला: इयत्ता, घरापासूनचे अंतर, शाळेत सोबत कोण येते, पालकांचे म्हणणे, विशेष गरज. तिसऱ्यावर वाहतुकीचा हिशेब. चौथ्यावर मागणी: समायोजन एक वर्ष स्थगित ठेवावे, पावसाळा वगळून मंगळवारी आणि शुक्रवारी दोन्ही शाळा पलीकडील इमारतीत एकत्र भरवण्यास परवानगी द्यावी, दुसऱ्या शिक्षकांची कामगिरी कमी करावी, ज्या पालकांना स्वेच्छेने मूल पलीकडे घालायचे आहे त्यांना वाहतूक भत्ता मंजूर करावा, आणि साकव जिल्हा वार्षिक योजनेत घ्यावा.

'विरोध' हा शब्द त्या चार पानांत एकदाही नव्हता. काही तरुण पालकांना ते रुचले नाही, आणि त्यांची नाराजी मला समजते. पण ज्या अधिकाऱ्याला हे निवेदन पुढे पाठवायचे होते, त्याला आता सही करण्याजोगे काहीतरी हातात मिळाले होते.

२६ जानेवारी २०२४ च्या ग्रामसभेत हा विषय घेतला. आदल्या दिवशी महिला सभा झाली आणि चौथीतल्या मुलीच्या आईने आपले म्हणणे तिथे उभे राहून मांडले. ग्रामसभेत तिला विरोधही झाला. वाडीशी दगा करते आहे, असे एक जण म्हणाला. तेव्हा सरपंचांनी मुलागणिक तक्ता मोठ्याने वाचून दाखवला. अकरा क्रमांक, अकरा वेगवेगळ्या नोंदी. वाचन संपेपर्यंत सभा शांत झाली होती, आणि निवेदनाला पाठिंब्याचा ठराव झाला.

फेब्रुवारीत गटशिक्षणाधिकारी स्वतः आले. त्यांना आम्ही शाळेत बसवून चहा दिला नाही, थेट ओढ्यावर नेले. वाहून गेलेल्या साकवाचा एक खांब तिथे तिरपा उभा आहे. त्यांनी तो पाहिला, दगडांवरून पलीकडे जाऊन परत आले आणि बुटातले पाणी काढत म्हणाले, "हे नऊशे मीटर कोणी लिहिले?" एकत्र वर्गांना त्यांनी तिथेच होकार दिला. बाईंनी तो लेखी मागितला. लेखी पत्र यायला तीन आठवडे लागले आणि त्यासाठी दोनदा जावे लागले, पण ते आले. 'पुढील आदेशापर्यंत' हे शब्द त्यात होते.

निष्पत्ती

मार्च २०२४ पासून मंगळवार-शुक्रवारचे एकत्र वर्ग सुरू झाले. आमची मुले दगडांच्या वाटेने जात, आणि पाळीपाळीने दोन पालक सोबत असत. पायाचा दोष असलेल्या मुलाला दुचाकीवरून वळशाच्या रस्त्याने नेले जाई. पलीकडील शिक्षकांनी इयत्तावार गट केले, आणि पहिल्यांदाच तिसरीतल्या मुलांना आपल्याच इयत्तेची दहा-बारा मुले एका ओळीत बसलेली दिसली. बाईंना त्या दोन दिवशी एकाच इयत्तेला शिकवायला मिळे. त्या मला म्हणाल्या की अशी सलग पाऊण तास एकच कविता शिकवल्याला त्यांना सात वर्षे झाली होती.

जून २०२४ मध्ये चौथीची दोन मुले पुढे गेली. चौथीत आलेल्या चारांपैकी दोघांना पालकांनी स्वतःहून पलीकडील शाळेत घातले. पहिलीत तीन मुले आली आणि व्हॅनने जाणाऱ्यांपैकी दोन परतली, एक दुसरीत आणि एक तिसरीत. पट १२ झाला. शेरडे पाळणाऱ्या घरातील दोन्ही मुले शाळेत टिकली. पलीकडे गेलेल्या दोन मुलांचा वाहतूक भत्ता मंजूर झाला, मात्र तो वर्ष संपत आल्यावर हातात आला.

जे साधले नाही तेही तितकेच स्पष्ट आहे. दुसऱ्या शिक्षकांची कामगिरी तीन दिवसांवरून दोनवर आली, पण २०२५ मध्ये त्यांची बदली झाली आणि जागा रिकामी राहिली. जूनमध्ये पट पुन्हा अकरावर होता आणि बाई पुन्हा एकट्या होत्या. पावसाळ्याचे चार-साडेचार महिने एकत्र वर्ग बंद असतात, म्हणजे शैक्षणिक वर्षाचा जवळजवळ निम्मा भाग आम्ही मूळ प्रश्नापाशीच असतो. नव्या साकवाची मोजणी आणि अंदाजपत्रक झाले आहे. काम सुरू झालेले नाही.

वेगळे काय करता आले असते

पहिल्या आठ दिवसांत ठराव करण्याऐवजी मुदतवाढ मागायला हवी होती. 'तक्त्यातील अंतर चुकीचे आहे, प्रत्यक्ष मोजणी करून पंधरा दिवसांत मत कळवतो' एवढे एक वाक्य पुरले असते. घाईत दिलेले मत नंतर बदलावे लागले आणि त्यामुळे वाडीत दोन तट पडले. चौथीतल्या मुलीच्या घराशी काही जणांचे बोलणे महिनाभर बंद होते. हे टाळता आले असते, आणि त्याची खंत मला सर्वांत जास्त आहे.

बैठकीची वेळ हा निर्णयाचाच भाग आहे, हे आम्हाला उशिरा उमगले. निम्म्या महिला असाव्यात अशी कायद्याची अट आमच्या समितीत कागदोपत्री पूर्ण होती. सकाळी अकराच्या बैठकीत मात्र एकच बाई होती. आता समितीच्या बैठका रात्री होतात आणि कार्यवृत्तात कोण बोलले याचीही नोंद होते.

मुलांना विचारले नाही, ही त्रुटी राहूनच गेली. रस्ता मोजला, पालक ऐकले, पण पलीकडच्या शाळेत जावेसे वाटते का, हे आम्ही अकरांपैकी एकालाही विचारले नव्हते. एकत्र वर्ग सुरू झाल्यावर दुसरीतल्या एका मुलाने तिथे स्वच्छतागृहाला जाणे टाळले आणि दोन आठवडे मंगळवार-शुक्रवारी पोट दुखते असे सांगत राहिला, तेव्हा ते लक्षात आले.

स्वयंपाकीण ताईंचा विचार तर शेवटी झाला. पंचवीस मुलांपर्यंत एक स्वयंपाकी-मदतनीस, असा पोषण आहाराचा निकष आहे. शाळा पलीकडे गेली असती तर महिना २,५०० रुपयांचे त्यांचे मानधन थांबले असते. घरी गेलो तेव्हा त्यांनी स्वतः ते सांगितले नाही, आणि आम्ही विचारले नाही. निवेदनात त्यावर एक ओळही नव्हती. निर्णयाचा फटका कोणाकोणाला बसतो याची यादी करताना केवळ पटावरची नावे पाहिली की असे घडते.

अधिकाऱ्यांच्या बाजूने पाहायचे तर तक्त्यात फक्त दोन रकाने वाढवायला हवे होते: पावसाळ्यातील प्रत्यक्ष रस्त्याचे अंतर, आणि शाळा जागीच ठेवून काय वाटून घेता येईल. हे दोन रकाने असते तर पहिल्याच फेरीत आमच्याकडून 'विरोध' यापेक्षा काही उपयोगाचे उत्तर गेले असते. गटशिक्षणाधिकाऱ्यांनी हे मान्य केले आणि तालुक्यातील पुढच्या माहितीसंकलनात अंतराचा रकाना 'रस्त्याने' असा बदलला गेला. संकुलाचा रकाना अजून आलेला नाही.

समितीची मुदत दोन वर्षांची असते आणि आमची संपली आहे. नव्या समितीकडे मोजणीची वही, मुलागणिक तक्त्याचा नमुना आणि लेखी परवानगीचे पत्र सोपवले. चौथीतल्या त्या मुलीची आई आता सदस्य आहे. तिचे धाकटे मूल यंदा पहिलीत आले. मार्च २०२५ मध्ये मोजणीला आलेल्या अभियंत्यांनी ओढ्यातील खडकांवर लाल रंगाने खुणा केल्या होत्या. पावसाळ्यात त्या पाण्याखाली जातात.